हरीश हंडे यांच्या ‘मोफत सौरदिव्यां’बाबत खुलासा

सौरउद्योजक हरीश हंडे यांनी तरुणपणी नोकरी नाकारून कर्नाटकातील गरिबांना सौरदिवे फुकट वाटले, असा एक संदेश सध्या फिरत आहे. त्यातील ‘फुकट’ हा भाग चुकीचा आहे.

खरगपूरच्या आयआयटीत शिकलेल्या हंडे यांनी १९९५ मध्ये नेव्हिल विल्यम्स यांच्यासह सेल्को ही कंपनी सुरू केली, ती सौरदिवे विकण्यासाठीच. गरिबाला सौरऊर्जा परवडत नाही, हा समजच त्यांना खोडून काढायचा होता. म्हणून त्यांनी ग्रामीण बँकांना कर्ज देण्यास राजी केले आणि हप्ता ग्राहकाच्या कमाईच्या चक्राशी जुळवला. महिन्याला तीनशे रुपये जड जातात, रोजचे दहा मात्र देता येतात, हे एका फेरीवालीकडून शिकल्याचे ते स्वतः सांगत आले आहेत. २०११ च्या मॅगसेसे पुरस्काराच्या मानपत्रातही त्यांच्या कामाचा गौरव सामाजिक उद्योग म्हणूनच आहे, दानधर्म म्हणून नव्हे.

हेतू चांगला असला, तरी या संदेशामुळे पदरचे पैसे मोजून दिवा घेणाऱ्या कुटुंबांचे श्रेय हिरावले जाते, आणि हे मला फार खटकते. कृपया तो पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.