कापराच्या पुरचुंडीने केदारनाथला ऑक्सिजन वाढत नाही

"भीमसेनी कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाचे दोन-चार थेंब सुती कापडात बांधा, दिवसभर हुंगत राहा, रक्तातला ऑक्सिजन वाढतो. लडाखमध्ये पर्यटकांना हेच देतात." २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडची दुसरी लाट ऐन भरात असताना, हा मजकूर घराघरांत फिरला होता. आता तोच चारधाम यात्रेचा सल्ला म्हणून फिरतोय आणि त्याला आणखी चार मुद्दे जोडलेत: तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास होत नाही, रोज पाच-सहा लिटर पाणी प्या, डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायला डॉक्टर देतात ती गोळी) घेऊ नका कारण ती फक्त लक्षणं झाकते, आणि हेलिकॉप्टरने गेलात तर काळजीच नको.

माझ्या आत्याचा भजनी मंडळाचा ग्रुप आहे. तिथे हे आलं आणि आत्याने डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी बाजूला ठेवून पुरचुंडी बांधली. वय साठीपलीकडचं, रक्तदाबाचं औषध चालू, आणि थोड्याच दिवसांत केदारनाथ. फोनवर तिला सांगून झालं, पण ग्रुपमधल्या बाकीच्या बायकाही त्याच बसने निघाल्यात. म्हणून हे लिहितेय.

आधी पुरचुंडी. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण पुण्या-मुंबईइतकंच, म्हणजे सुमारे २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीच्या मानाने तो जेमतेम दोन-तृतीयांश उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात फुफ्फुसांना मिळणारा ऑक्सिजन तेवढाच घटतो. कापराला दाब वाढवता येत नाही आणि ऑक्सिजन तयार करता येत नाही. तो नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, बस्स. १९८३ साली कार्डिफच्या संशोधकांनी कापूर, निलगिरी आणि मेंथॉलची वाफ लोकांना हुंगायला देऊन नाकातून हवा जाताना होणारा अडथळा मोजला. अडथळा होता तेवढाच राहिला, पण बहुतेकांना श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं. हे 'वाटणं'च वर डोंगरात घातक ठरतं.

"पण ऑक्सिमीटरवर आकडा वाढलेला मी स्वतः पाहिलाय," असं आत्या म्हणाली. पाहिला असेल, हे मला मान्य करावं लागतं. उंचीवर कुणीही आठ-दहा खोल श्वास घेतले की आकडा वर जातो. पुरचुंडी नाकाशी धरली की माणूस आपोआप खोल श्वास घेतो. काम श्वासाचं आणि श्रेय कापराला! पुरचुंडी न धरता तसेच श्वास घेऊन बघा, आकडा तेवढाच वाढेल आणि मिनिटाभरात पुन्हा खाली येईल. शिवाय उंचीवर ऑक्सिजन सगळ्यात जास्त उतरतो तो रात्री झोपेत, आणि झोपेत कुणी पुरचुंडी हुंगत नाही.

लडाखमध्ये गाडीचालक कापूर ठेवतात, पर्यटक विकतही घेतात, एवढं खरं. पण लेहच्या सरकारी रुग्णालयात उंची बाधलेल्या माणसाला ऑक्सिजन लावतात आणि गरज पडली तर खाली पाठवतात. विमानाने येणाऱ्याला तिथलं प्रशासन पहिले ४८ तास विश्रांती घ्यायला सांगतं. मजकूर लिहिणाऱ्याने लडाखचं नाव घेतलं, पण हे नेमकं गाळलं.

आणखी एक. ग्रुपमध्ये कुणीतरी ही पुरचुंडी नातवाच्या गळ्यात बांधा असंही लिहिलंय. कृपा करून बांधू नका. कापराची वडी लहान मुलाच्या पोटात गेली तर थोड्याशा मात्रेनेही झटके येऊ शकतात. मुलं हाताला लागेल ते तोंडात घालतात, आणि रात्री दोन वाजता गौरीकुंडच्या वाटेवर मुलाला झटके आले तर काय कराल?

आता 'तंदुरुस्त माणसाला त्रास होत नाही'. याला उत्तर आपल्याच सैन्याने दिलंय. १९६२ च्या युद्धानंतर हजारो जवानांना थेट हिमालयात चढवलं गेलं. त्यातल्या उंची बाधलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. डोकेदुखी आणि उलट्यांपासून फुफ्फुसात पाणी होण्यापर्यंत आणि मेंदूला सूज येण्यापर्यंत सगळं त्यात आहे. हे सगळे जवान होते, रोज कवायत करणारे. सकाळी तळजाईच्या टेकडीवर पाच फेऱ्या मारणारी आत्या त्यांच्याहून दणकट नाही. चालण्याचा सराव हवाच, त्याने चढताना दम कमी लागतो आणि गुडघे टिकतात. पण उंची सोसायला शरीराला दिवस लागतात, तिथे दुसरा उपाय नाही. म्हणूनच सैन्यात आजही २,७०० ते ३,६०० मीटरच्या पहिल्या टप्प्यात जवानाला सहा दिवस थांबवतात, त्यातले पहिले दोन विश्रांतीचे. केदारनाथ याच टप्प्यात येतं.

म्हणून हेलिकॉप्टरचा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. फाटा किंवा गुप्तकाशी या खालच्या गावांहून हेलिकॉप्टर काही मिनिटांत सुमारे दोन हजार मीटर वर नेतं. पाय वाचतात, हे ज्येष्ठांसाठी मोठंच आहे. पण शरीराला सवय व्हायला वेळ शून्य. दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली आलात तर धोका बराच कमी. वर मुक्काम केलात तर जास्त, आणि काही पॅकेजमध्ये नेमका मुक्काम असतो.

डायमॉक्स लक्षणं झाकत नाही. उंचीवर आपण जोरात श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि शरीर श्वास पुन्हा मंदावतं. मूत्रपिंडं हा तोल हळूहळू, काही दिवसांत सावरतात. गोळी तेच काम लवकर करून घेते. म्हणून बोटं झिणझिणतात आणि लघवीला जास्त लागतं. प्रतिबंधासाठी मोठ्यांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा इतर औषधं असतील तर डॉक्टरांनाच ठरवू द्या. ग्रुपमध्ये गोळीऐवजी सुचवलेल्या 'कोका ३०' या होमिओपॅथीच्या औषधाला कसलाही भक्कम आधार नाही.

पाणी प्या, पण तहानेप्रमाणे. बळेच पाच-सहा लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि त्याचीही लक्षणं डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण अशीच असतात. मजकुरात दारू-सिगारेट टाळा असंही आहे, ते मात्र बरोबर.

माझ्या आत्याला आणि तिच्या मंडळाला एवढंच लक्षात ठेवायला सांगितलंय. वर डोकं दुखून मळमळायला लागलं तर त्याहून वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, सरळ रेषेत चालताना तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर मदत केंद्रात ऑक्सिजन लावून घ्यायचा आणि लगेच खाली उतरवायचं. दर्शन राहिलं तरी, रात्र असली तरी, सकाळची वाट बघायची नाही.