दहा खिशांची पॅन्ट

पॅन्ट मजबूत पाहिजे म्हणून घेतली, दुसरं काही कारण नव्हतं. जीन्स घालून वावरात जायचं म्हणजे दर हंगामात काटेरी तारेला एक पॅन्ट वाहायची. मग तालुक्याच्या दुकानात ही टॅक्टिकल पॅन्ट दिसली, मिलिटरीवाले घालतात तसली, खाकी, मांडीला पण खिसे, खिशाच्या आत खिसा.

बायकोनं घरी आल्या आल्या मोजले. "दहा खिसे हायेत. पैसे कोन्त्यात ठेवसान?"

कापड मात्र जबरदस्त. रिपस्टॉप म्हणतात त्याला, जवळून पाहिलं की बारीक चौकटी दिसतात, ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, म्हणून फाटलं तरी चीर त्या चौकटीपाशीच अडते, दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटला असंच कापड वापरलं. माझ्या पॅन्टला तारेनं नखाएवढं भोक पाडलं त्याला दोन वर्षं झाली, अजून नखाएवढंच आहे. अन् दोन पायांच्या मधे एक जास्तीचा तुकडा जोडलाय, धुऱ्यावर उकिडवं बसा नाहीतर बैलबंडीवर टांग टाका, कुठं काचत नाही. आबा म्हणाले, "हे तं धोतरात पयलेपासूनच हाय ना बाप्पा."

लेबलवर ६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के कॉटन. जन्म गेला कापसाची पऱ्हाटी लावण्यात अन् मांडीला चिकटलं पॉलिस्टर! पारा ४५ वर गेला की गुडघ्याच्या डबल कापडात वाटी शिजते, मे महिन्यात मी गुपचूप पायजम्यावर येतो.

पण खरा ताप खिशांचा. गावात माझी गिनती बंडीत व्हायला लागली. "तुह्याजोळ खिसे हायेत, धर बरं" म्हणत जो तो काहीतरी देऊन जातो, सुतळी, फ्यूजचा तार, बियाण्याची पावती, एकानं तर चष्मा दिला अन् मग दिवसभर चष्मा शोधत फिरला. मोबाईल वाजला की मी गोमाशी चावल्यासारखा अंगभर थापट्या मारतो, सापडेपर्यंत कॉल कट.

खिशाच्या झाकणाला वेल्क्रो आहे, बारीक आकड्यांची चिकटपट्टी, उघडताना मोठ्यानं वाजते. १९४१ साली स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्रालनं आपल्या कुत्र्याच्या केसात अडकलेली काटेरी फळं पाहिली अन् त्यातून त्याला हे सुचलं म्हणतात. त्याचं कुत्रं कापसाच्या वावरात गेलं नसावं. वेच्याच्या दिवसात त्या आकड्यात इतका कापूस भरला की झाकण लागेचना, लागेना म्हणून वाजेना, मी तर खुश होतो.

मागच्या आठवड्यात बायकोनं पॅन्ट धुवायला घेतली अन् आतल्या खिशातून पाना निघाला. शेजारच्या काकांचा. मोटर खोलताना त्यांनीच माझ्याकडे दिला होता, अन् त्याच पान्यापायी काका महिनाभर सख्ख्या भावाशी बोलत नव्हते, भर पारावर त्याला चोर म्हणून झालं होतं. मी पण तिथंच बसून "लोक लय बदलले" असं म्हटलं होतं.

रात्री नऊला, लाइट गेल्यावर, पाना खिशात टाकून काकांच्या गोठ्यात शिरलो. हळूच खिशाला हात घातला. बायकोनं पॅन्ट नुसती धुतली नव्हती, सुई घेऊन वेल्क्रोतला कापूस पण काढला होता.

चर्रर्रर्र.

"कोन हाय रे?" काकांनी खाटेवरूनच आवाज दिला, अन् टॉर्च लावला.