ट्रॅम्पोलिनवर जोड कोण लावतंय?

उन्हाळी सुट्टी लागली की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर एकाच दिवशी आला. मजकूर थोडक्यात असा: "अंगणात ट्रॅम्पोलिन घ्या, पोरं मोबाईल विसरतात. भोवती जाळी आहे, पडायची भीती नाही. चार पोरं एकदम खेळतात. दोन-तीन वर्षांपासूनच सोडा, हाडं बळकट होतात. घरातलं एक मोठं माणूस जवळ असलं की झालं. आपली पोरं तांबड्या मातीतली, काय होतंय!"

मोबाईलचं खरं आहे. आमच्याही अंगणात ट्रॅम्पोलिन, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर स्प्रिंगांनी ताणलेलं उड्या मारायचं कापड, आहे, म्हणून सांगतो. बाकीचं मात्र एकेक करून बघायला हवं.

आधी जाळी. मेसेज लिहिणाऱ्यानं बाहेर पडणं हेच एक संकट धरलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली या विषयावरचा अभ्यास एकत्र मांडला. त्यात ट्रॅम्पोलिनवरून खाली पडून झालेल्या दुखापती २७ ते ३९ टक्के होत्या. म्हणजे बहुतेक पोरं बाहेर न पडताच जायबंदी झाली. जाळी आल्यामुळं दुखापतींचा आकडा ठळकपणे उतरला, असंही दिसलं नाही. जाळी असावीच, पण ती पोरांना चढायला आवडते, आणि आपल्याकडच्या उन्हात तिचा धागा कुजतो. आमच्या जाळीला दोन उन्हाळ्यांनंतर नुसतं बोट लावून भोक पडलं. स्प्रिंगांवरच्या पॅडचंही तेच. पॅड सरकलं की पाय थेट स्प्रिंगांच्या मध्ये जातो.

"चार पोरं एकदम" हे वाक्य मात्र सगळ्यात घातक, आणि तेच लोकांना सगळ्यात आवडतं. वरच्याच मांडणीनुसार सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना होतात. त्यातही जे सगळ्यात लहान, त्याला मोठ्यापेक्षा १४ पट जास्त धोका. कारण साधं आहे. मोठ्या पोरानं कापड दाबलं की स्प्रिंगा ताणल्या जातात. तो जोर कापड वर येताना सुटतो, आणि कुणाच्या पायाखाली सुटेल याचा नेम नाही. धाकटं नेमकं त्याच क्षणी खाली येत असलं, तर ते मऊ कापडावर उतरत नाही, वर येणाऱ्या धक्क्यावर आदळतं. बघणाऱ्याला वाटतं, उडालं बघा कसं! टाळ्या पडतात. काका-मामा हौसेनं वर चढले की तर विचारूच नका.

आता तांबड्या मातीचा अभिमान. मीही लहानपणी चार वर्षं तालमीत काढलीत, त्यामुळं हे वाक्य मला झोंबलं. तालमीत पोरांना काय होत नाही, ते माती तांबडी आहे म्हणून नव्हे. हौद रोज उकरून मऊ करतात. पडायचं कसं, ते आधी शिकवतात. आणि जोड वस्ताद लावतो, तोलामोलाची. पंचवीस किलोचं पोरगं सत्तर किलोच्या गड्यापुढं सोडलेलं कुठल्या तालमीत बघितलंय? ट्रॅम्पोलिनवर आपण रोज तेच करतो, वर रील काढतो. कोलांटउडीही तशीच. शिकवणारा नसताना ती मारायला गेलं की मानेवर येतं, आणि मणक्याच्या गंभीर दुखापती बहुधा अशाच होतात. तसं कुणी पडलंच तर त्याला उचलून बसवू नका, मान हलू देऊ नका, १०८ ला फोन करा.

"दोन-तीन वर्षांपासून" हे तर सरळ चूक. सहा वर्षांखालच्या लेकरांना ट्रॅम्पोलिनवर घेऊच नये. त्यांची हाडं अजून कोवळी असतात. मोठ्याबरोबर उडताना, न पडता, नुसतं पायावर उतरतानाही गुडघ्याच्या जरा खाली नडगीचं हाड मोडतं. ती चीर बारीक असते, सूजही कधी फार नसते. लेकरू पाय टेकवत नसेल तर चोळून घेत बसू नका, डॉक्टरांकडं नेऊन एक्स-रे काढा.

मोठं माणूस जवळ असावं, हे मान्य. पण नोंदी बघितल्या तर एक-तृतीयांश ते निम्म्या दुखापती मोठ्यांच्या देखतच झाल्यात. चहाचा कप घेऊन कट्ट्यावर बसणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. "एक उतरला की दुसरा" हे सांगायचं आणि रडारड झाली तरी बदलायचं नाही. आमच्याकडं वाटीत घड्याळ ठेवलंय, प्रत्येकाला पाच मिनिटं. त्या संघटनेचं मत तर घरी ट्रॅम्पोलिन आणूच नका असं आहे. मी तेवढा टोकाला गेलो नाही. बरोबर केलं की चूक, यावर घरात वाद चालूच असतो.

मेसेजात एक गोष्ट आलेलीच नाही, ती म्हणजे जागा. बरेच जण ट्रॅम्पोलिन गच्चीवर चढवतात. कृपा करून तसं करू नका. अंगणातही खाली शहाबादी फरशी नको, सपाट माती हवी, आणि भिंत, झाड, वायर यांपासून ऐसपैस अंतर हवं. एप्रिल-मेच्या वळवात वारं सुटलं की जाळीत हवा भरते आणि अख्खा सांगाडा उचलला जातो. आमचा एकदा शेजाऱ्यांच्या कंपाउंडला जाऊन टेकला होता, नशीब की वर कोणी नव्हतं. तेव्हापासून चारी पायांना लोखंडी खुंट्या ठोकल्यात. ओल्या कापडावर पाय घसरतात, म्हणून पाऊस पडून गेला की त्या दिवशी खेळ बंद. मृग लागला की कापड, जाळी, स्प्रिंगा उतरवून माळ्यावर. सांगाडा तेवढा अंगणात राहतो. गेल्या पावसाळ्यात त्यावर दोडक्याचा वेल चढवला होता.