एक स्टारच्या रिव्ह्यूला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. आपल्याला दुकानात ताटकळत उभं राहावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहे. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते आणि काउंटरवर मी एकटाच असतो.

पण आपण लिहिलंत, "खोडरबरने रॅम घासायचे ६०० रुपये घेतले, मशीन रात्रभर उगाच ठेवून घेतलं, घरी नेल्यावर पुन्हा नो डिस्प्ले. लुटारू." यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. हे वाचून उद्याचं गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल.

खोडरबर लावला, खरं आहे. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीच्या, सोनेरी पिनांवर थर बसतो, आपल्या रत्नागिरीच्या दमट हवेत जरा जास्तच. मग पंखे फिरतात, लाइट लागतात आणि स्क्रीन काळीच राहते. पण दोष रॅमचाच आहे हे आधी कळावं लागतं ना? आपण आलात तेच मुळी "मॉनिटर गेलाय, नवीन दाखवा" म्हणत. तेव्हाच नवा मॉनिटर गळ्यात मारला असता, तर कोणाला कळलं असतं? मी आपलाच मॉनिटर दुसऱ्या मशीनला लावून चालू करून दाखवला. आपल्या कॅबिनेटमध्ये दोष बीप वाजवून सांगणारा स्पीकर नाही, म्हणून मदरबोर्डवरचे दिवे पाहिले. डीरॅमचा, म्हणजे रॅमची अडचण दाखवणारा, दिवा पेटून तिथेच अडकला होता. सेल काढून बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्ज, रिसेट केलं, मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहिली. "मशीन कोणी उघडलेलं नाही" म्हणालात, पण एका पट्टीची क्लिप अर्धवट उघडी होती आणि साइडचे स्क्रू गायब होते. असो.

रात्रभर ठेवलं ते मेमटेस्टसाठी, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. १६ जीबी रॅमवर त्याच्या चार फेऱ्या व्हायला काही तास लागतात. दुसऱ्या पट्टीवर डिस्प्ले येत होता, पण टेस्टमध्ये एरर आल्या. तशीच दिली असती, तर निळी स्क्रीन घेऊन आपण पुन्हा आला असतात. ६०० रुपये या सगळ्या तपासणीचे, आणि तो आकडा मशीन उघडण्याआधीच सांगितला होता.

आता घरच्या नो डिस्प्लेचं. आपला प्रोसेसर आय-५ १२४००एफ आहे. शेवटी 'एफ' म्हणजे त्यात स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नाही. मॉनिटरची एचडीएमआय केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर स्क्रीन काळीच राहणार. ती खाली, ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पोर्टला लावायची. निघताना हे सांगितलं, तेव्हा आपण फोनवर बोलत होतात. रात्री दुकान बंद झाल्यावर मीच फोनवरून केबल बदलायला लावली आणि आपण "हो, आला डिस्प्ले" म्हणालात. रिव्ह्यू त्याच्या आधीचा आहे, अजून तसाच आहे. 'लुटारू' माझ्या मुलीनेही वाचलं, सर.

यापुढे तपासणीचा दर बोर्डावर लिहून लावू, गर्दीचंही काहीतरी बघतो. एरर आलेली रॅमची पट्टी आपल्या नावाच्या पाकिटात ठेवली आहे. खरेदीचं बिल सापडलं तर घेऊन या, वॉरंटीत बदलून मिळते का ते मी विचारतो. त्याचे पैसे नाहीत.