प्रायोजक, पतंजली आणि वीस बाय दहाचा फ्लेक्स

माझा धंदा फ्लेक्स प्रिंटिंगचा. कोल्हापुरात या धंद्याला मरण नाही. वाढदिवस, निवड, भावपूर्ण श्रद्धांजली, पेठेतली फुटबॉलची टीम जिंकली, हरली तरी ‘लढलात भावांनो’, सगळं आपल्याकडंच छापायला येतं. त्यामुळं जाहिरातबाजीला शिव्या घालायचा मला काडीचा अधिकार नाही. कमेंटमध्ये कुणी आठवण करून द्यायच्या आधी मीच सांगून टाकतो.

तर योग दिनाच्या चार दिवस आधी ऑर्डर आली. एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर सामुदायिक योग. स्टेजमागं वीस बाय दहाचा बॅनर, बाजूला स्टँडी, गेटवर कमान. प्रायोजक तीन. एक बिल्डर, एक खासगी दवाखाना आणि एक प्रोटीन पावडरची एजन्सी. नावं घेत नाही, बिल अजून यायचं आहे.

मॅटर व्हॉट्सॲपवर आलं. मधोमध पद्मासनातली कुणीतरी परदेशी बाई, वर पतंजली मुनी, बाजूला लोगो. माझ्याकडं कोरल ड्रॉवर बसणारा पोरगा बावीस वर्षांचा, कामाला वाघ. त्याला म्हटलं, वर उजवीकडं पतंजली टाक. अर्ध्या तासानं प्रूफ घेऊन आला. उजवीकडं टूथपेस्टवर असतो तो कंपनीचा लोगो, झकास कटिंग करून बसवलेला. मला हसू आवरेना. तो बावरला. “मालक, हाच की पतंजली!”

त्याची काय चूक? कंपनी निघाली २००६ साली, तेव्हा हे पोरगं दोन वर्षांचं. योगसूत्रं लिहिणाऱ्या मुनीचं नाव त्यानं जन्मभर तुपाच्या बरणीवर आणि दंतमंजनाच्या ट्यूबवरच वाचलं. मग आम्ही डोक्यावर नागाचा फणा असलेले मुनी शोधले आणि बसवले. संध्याकाळी फोन. लोगो तीन फूट उंच तरी पाहिजे. जागा कुठनं आणू, म्हटलं. तर पलीकडनं उत्तर आलं, “ते साप असलेले आजोबा जरा लहान करा.”

केले. गिऱ्हाईक आहे.

सगळ्यात खाली, चार इंची अक्षरात, ‘मार्गदर्शक’ म्हणून आमच्या सरांचं नाव.

सर म्हणजे निवृत्त पी.टी. शिक्षक. तालमीच्या वरच्या मजल्यावर पहाटे साडेपाचला वर्ग. खाली आखाड्यात पोरं जोर-बैठका मारत असतात, वर आम्ही पन्नाशीतली ढेरीवाली मंडळी सतरंज्या पसरून. महिन्याला शंभर रुपये, ते दाराजवळच्या डब्यात टाकायचे. कुणी टाकले, कुणी नाही, सर बघत नाहीत. (बघतात. बोलत नाहीत.) नऊ वर्षांपूर्वी कंबर धरून मी पहिल्यांदा तो जिना चढलो. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला फक्त उभं राहायला शिकवलं. ताडासन. मी म्हटलं, “सर, उभं तर राहता येतंय की मला.” म्हणाले, “जा, बाहेर जाऊन तुझी चप्पल बघून ये.” बघितली. दोन्ही चपलांच्या टाचा बाहेरच्या बाजूनं झिजून पार चंद्रकोर झालेल्या. चाळीस वर्षं मी तिरका चालत होतो आणि कुणी सांगितलं नव्हतं.

अशी गोष्ट शिकवायला पंधरा दिवस लागतात. ती वीस बाय दहात बसत नाही आणि रीलमध्ये तर नाहीच नाही.

आता त्या रविवारचं, योग दिनाचं. सहाची वेळ, पाहुणे यायला सात. गेटवर टी-शर्टवाटप, साईज सगळा एक्सेल. आमच्यातल्या दोघांनी दोन-दोन घेतले, त्यांची नावंही घेत नाही. शेवटी ‘संगच्छध्वं’ म्हणून प्रार्थना झाली आणि सुरुवात झाली. आयुष मंत्रालयानं योग दिनासाठी ठरवून दिलेला क्रम पंचेचाळीस मिनिटांचा असतो. मानेच्या हालचाली, उभ्यानं, बसून, पोटावर, पाठीवर, मग शवासन. त्याच्या पुढं कपालभाती, प्राणायाम आणि शेवटी ध्यान. नीट बघितलं तर चढत जाणारा जिना आहे तो, शरीरापासून निघून आत जाणारा.

पवनमुक्तासन झालं. सरांनी माईकवर हळू आवाजात सुरुवात केली. पायाचे अंगठे सैल, पोटऱ्या सैल, कपाळावरची आठी सोडा. चारशे-पाचशे माणसं लॉनवर आडवी. खरंच शांत झालं होतं सगळं, लांब कुठंतरी केएमटी बसचा हॉर्न ऐकू आला तेवढाच. आणि डोक्यावर घुंऽऽऽ. मी डोळे उघडले. ड्रोन! कुणीतरी सरांच्या हातातला माईक घेतला आणि ओरडला, “असंच झोपून राहा, कुणी हलू नका, वरनं शूट चालू आहे!”

टी-शर्टवरचा लोगो पाठीवर न छापता छातीवर का छापला, हे मला तेव्हा कळलं. पाचशे छात्या, पाचशे लोगो, आकाशाकडं तोंड करून.

ड्रोन परत आल्यावर लकी ड्रॉ. मग मनोगतं. प्रमुख पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता, म्हणून कपालभाती, प्राणायाम, ध्यान हे सगळं ‘आपण घरी करूया’मध्ये गेलं. सरांना शाल, श्रीफळ आणि प्रोटीन पावडरचा सॅम्पल डबा मिळाला. व्हॅनिला फ्लेवर.

मला खटकलं ते एवढंच, आणि ते नीट सांगायचा प्रयत्न करतो, कारण लगेच ‘योग पवित्र आहे, तो विकू नये’ असले मेसेज सुरू होतात. मला ते पटत नाही. फुकट असलं की पवित्र, असं काही नसतं. शंभर रुपयांत हॉलचं लाईट बिल निघत नाही. सरांना पेन्शन आहे म्हणून आमची कंबर सरळ आहे. ज्याला पेन्शन नाही त्या शिक्षकानं काय करायचं?

आणि पैसा योगाला आजच चिकटलेला नाही. आज जगभर जी आसनं चालतात त्यांचा मोठा भाग म्हैसूरच्या राजवाड्यातनं आलाय. योगगुरू कृष्णमाचार्यांची योगशाळा १९३३ पासून तिथल्या जगनमोहन पॅलेसमध्ये चालायची, महाराजांच्या खर्चानं. पाहुण्यांपुढं शिष्यांची प्रात्यक्षिकंही व्हायची. संस्थान गेलं, आश्रय गेला आणि १९५० ला शाळा बंद पडली. त्यांचेच शिष्य बी.के.एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, वय अठरा, आणि शिकवण्या करून जगले. आपल्याच बाजूला औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. आणि आपल्या गावाला राजाश्रय म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग हे कुस्तीचं मैदान उभं केलं, पैलवान पोसले. पण महाराजांनी खासबागेत कुस्ती मध्येच थांबवून कुणाची पाठ लावायची ते ठरवलं नाही. पैसा त्यांचा होता, डाव पैलवानाचा.

आता पैसे देणारा डाव ठरवतो. काय ठेवायचं, काय कापायचं, हे त्याच्या हातात. आणि कापताना दर वेळी तेच कापलं जातं, ज्याचा फोटो येत नाही. वृक्षासन राहतं, श्वास जातो.

हे आपल्या लॉनपुरतं नाही. मोठ्या शिबिरांचंही तेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं एका नामवंत योग ट्रस्टचं अपील फेटाळलं. फी घेऊन भरवलेल्या शिबिरांवर सेवाकर लागतो, हा करविषयक लवादाचा निर्णय कायम राहिला. ट्रस्टचं म्हणणं होतं, ती देणगी आहे. लवादानं बघितलं तर वेगवेगळ्या किमतीची प्रवेश तिकिटं आणि तिकिटाप्रमाणं सवलती. म्हणजे पतंजली मुनींनी ज्याला योग म्हटलं, त्या चित्तवृत्तींच्या निरोधालाही बाल्कनी आणि स्टॉल. सरकारच्या लेखी तरी हिशोब स्वच्छ आहे. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी अठरावरनं पाचवर आणला तेव्हा योग केंद्रं, जिम आणि सलून एकाच ओळीत होती. केस कापा नाहीतर कपालभाती करा, पाच टक्के.

तिकडं अमेरिकेत तर कोलकात्याहून गेलेल्या योगशिक्षक बिक्रम चौधरींनी सव्वीस आसनांच्या क्रमावर कॉपीराइट सांगितला होता. २०१५ साली तिथल्या कोर्टानं तो मानला नाही. बरं झालं, नाहीतर उद्या भुजंगासनाला परवानगी काढावी लागली असती.

माझी पोरगी पुण्यात आयटीत आहे. तिनं वाढदिवसाला मला मॅट पाठवली. बॉक्सवर किंमत होती, पाच हजारांच्या वर. मी ती लपवत लपवत वर्गात नेली. वाटलं, सर आता हठप्रदीपिका, म्हणजे हठयोगाचा जुना ग्रंथ, काढणार. त्यात स्वात्मारामांचा श्लोक आहे, ‘न वेषधारणं सिद्धेः कारणं न च तत्कथा’. वेष घेतल्यानं सिद्धी येत नाही, नुसत्या गप्पा मारल्यानंही नाही, करावं लागतं. सर तो नेहमी ऐकवतात. त्यांनी मॅट अंगठ्यानं दाबून बघितली आणि म्हणाले, “चांगली आहे की. गुडघ्याला लागणार नाही. घाम तेवढा पुसत जा.” संपला विषय. वस्तूवर त्यांचा राग नाही.

मग त्या रविवारचा राग आला नाही का, असं मी परतताना गाडीवर विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. गंगावेशीत म्हशीच्या दुधाचा ग्लास हातात आल्यावर म्हणाले, “माईक घेतला त्याचं काही नाही रे. माणसं उठवली कशी ते बघितलंस का? शवासनातनं माणूस कुशीवर वळवून, हळू उठवायचा असतो. बीपीची माणसं होती त्यात. एकदम उठून लकी ड्रॉला पळाली.”

मी शाल, मान, अपमान असल्या हिशोबात अडकलो होतो. यांच्या डोक्यात पाचशे माणसांचं बीपी.

२०२५ सालचं आठवतंय? २१ जूनला योग दिन झाला आणि दुसऱ्याच दिवशी मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या रॅम्पवर आपली चप्पल चालली, कोल्हापूरचं नाव न घेता. केवढे पेटलो आपण! २०१९ सालचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, काढलं, पोस्टी टाकल्या, मीही टाकली. आणि बरोबरच होतं ते. कारण चपलेच्या मागं कातडं कमावणारा, वेणी घालणारा, टाचा ठोकणारा माणूस आपल्याला दिसतो. त्याला किती मिळाले, हे आपण पहिल्यांदा विचारतो. मग योगाच्या बाबतीत हाच प्रश्न का पडत नाही? लॉनचं भाडं गेलं, ड्रोनवाल्याला गेलं, टी-शर्टवाल्याला गेलं, मला फ्लेक्सचे यायचेत. पहाटे साडेपाचला जिना चढणाऱ्या कारागिराला व्हॅनिला.

पुढच्या वर्षी ऑर्डर आली तर मी छापणार, खोटं कशाला बोलू. पण दोन अटी घालणार आहे. सरांचं मानधन बॅनरच्या बिलाएवढं तरी, तेही आधी, आणि ध्यान संपेपर्यंत माईक त्यांच्याच हातात. नाही म्हणाले तर शेजारच्या गल्लीत दुसरा प्रिंटर आहे.

बुधवारी लॉनवाल्याचा फोन आला, बॅनर घेऊन जा, पावसात पडलाय. घेऊन आलो. तालमीच्या हॉलला दर पावसाळ्यात खालनं ओल येते, सतरंज्या कुबट होतात. सर म्हणाले, अंथर तो, पांढरी बाजू वर कर. चौघांनी मिळून अंथरला. तीन फुटी लोगो, मुनी, पद्मासनातली बाई, सगळी जमिनीकडं तोंड करून. वर सतरंज्या. मी आडवा झालो आणि खांद्याखाली काहीतरी टोचलं. कडेची आयलेट, दोरी ओवायची धातूची कडी.

“सर, टोचतंय.”

“मग कात्री आण की. धंदा कुणाचा आहे?”