ही आमची पुस्तकी किडा!

काल पुतणीच्या साखरपुड्यात, नव्या व्याह्यांसमोर, ताटात गरम पुरी पडत असताना, आमच्या धाकट्या काकांनी माझी ओळख "ही आमची पुस्तकी किडा" अशी करून दिली. माझे वय सेहेचाळीस आहे, मी एकवीस वर्षे नोकरी केली आहे आणि स्वतःच्या कमाईचे घर घेतले आहे. परंतु या कुटुंबात माझी ओळख अजूनही सहा पायांवरच चालते. अपमान मी गिळलाही असता, पण व्याकरण गिळवले नाही. 'किडा' पुल्लिंगी आहे हो! त्याला 'आमची' कशी लागेल? आणि त्याचे स्त्रीरूप शोधू गेले तर हाताशी 'कीड' येते, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

यापुढचा प्रकार अधिक संतापजनक होता. व्याही मान डोलावत म्हणाले, "आमच्या धाकट्यालाही मोबाइलचा किडा आहे," म्हणजे त्यांच्या लेखी किडा मी नव्हे, मला झालेले व्यसन. विहीणबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळून "वाटत नाही हो किडे करणाऱ्यातल्या" असे प्रशस्तिपत्र दिले, म्हणजे त्यांनी मला खोड्याळ ठरवून लगेच निर्दोष सोडलेही. तेवढ्यात पंगतीतल्या एका चिमुरड्याने "दातातला का?" असे विचारले आणि सगळी पंगत हसली. एकाच वाक्यात मी व्यासंगी, व्यसनी, उपद्व्यापी आणि दंतरोगी ठरले, आणि काका विजयी मुद्रेने श्रीखंड वाढून घेत राहिले. या गृहस्थांनी आयुष्यात पंचांगाखेरीज काही वाचलेले मी पाहिलेले नाही. माझ्याकडून नेलेली तीन पुस्तके मात्र त्यांच्या घरी अकरा वर्षे आहेत, आणि त्यांतल्या एकावर त्यांच्या चहाच्या कपाचे वर्तुळ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. "एवढी सगळी वाचलीस का गं?" हा प्रश्न माझ्या कपाटासमोर उभे राहून दर दिवाळीला विचारणारेही हेच.

शिवाय ज्या प्राण्याचे नाव मला चिकटवले आहे, तो तरी कुठे वाचतो? कागदाला आरपार भोके पाडतात त्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. वाळवीला पुस्तक आणि दाराची चौकट यांत फरक कळत नाही. राहिली कसर, ती चंदेरी, बिनपंखी, मागे तीन शेपट्या मिरवणारी. तिला बांधणीच्या खळीतले पिष्ट हवे असते. जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 साली तिच्या शास्त्रीय नावातच साखर घातली, ती याच आवडीपायी. मजकुराकडे ढुंकूनही न पाहता गोडाधोडावर ताव मारणारा प्राणी कालच्या त्या मांडवात नेमका कोण होता, हे मी सांगायला नको.

रात्री घरी येऊन, काकांना पुराव्यासह पत्र लिहायचे असे ठरवून मी दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचा खंड काढला. 'किडा' पाहिला, तिथून 'किडूकमिडूक'वर गेले, मग दुसरा खंड काढला, आणि भानावर आले तेव्हा पहाटेचे पावणेदोन वाजले होते, भरजरी साडी अंगावरच होती, आणि बरोबर दिलेला श्रीखंडाचा डबा टेबलावर आंबायला लागला होता. तेवढ्यात पुठ्ठ्यामागून एक कसर सुळकन बाहेर आली. मी चप्पल उगारली, आणि कोशाच्या पानावर डाग पडेल म्हणून खाली ठेवली.

पत्र राहिलेच. सकाळी साडेआठला काकांचा फोन आला. लग्नपत्रिका छापायला द्यायची होती आणि 'आशीर्वाद'मधला रफार 'शी'वर द्यायचा की 'वा'वर, यावरून घरात दोन तट पडले होते. "म्हटलं, आपल्या किड्याला विचारावं," ते म्हणाले. 'आपल्या किड्याला' हे निदान व्याकरणाला धरून होते. मी रफार सांगितला, मग ऱ्हस्व-दीर्घ सांगितले, मग सगळी पत्रिका वाचून दाखवायला लावली, आणि त्यात सात चुका काढल्या.