सोसायटीचा विमा असला तरी घराचा विमा वेगळाच

व्हॉट्सॲपवर घराच्या विम्याविषयी एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की सोसायटीने आणि बँकेने विमा उतरवलेलाच असतो, ऐंशी लाखांच्या फ्लॅटचा विमा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो, तरीही घ्यायचाच असेल तर सगळ्या पॉलिसी सारख्याच असल्याने सर्वांत कमी हप्त्याची घ्यावी, आणि शेवटी कंपनी दावा फेटाळतेच. संदेश चतुराईने लिहिलेला आहे, कारण त्यातील प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे.

सोसायटीच्या पॉलिसीपासून सुरुवात करू. इमारतीचा आग व भूकंपापासून विमा उतरवावा, असे महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे कारभाराचे नमुना नियम, सांगतात हे खरे. परंतु त्यात सभासदाचे घरातील सामान येत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत परिचयातील एका कुटुंबाच्या तळमजल्यावरच्या घरात कृष्णेचे पाणी शिरले, तेव्हा सोसायटीच्या पॉलिसीतून पंपाची आणि कुंपणभिंतीची भरपाई मिळाली, पण फुगलेली कपाटे, फ्रीज आणि चिखलात बुडालेल्या गाद्या यांचा भार त्यांनाच सोसावा लागला. बँकेच्या बाबतीत तर अनेकदा नावाचाच घोटाळा असतो. कर्जाच्या रकमेत मिळवलेला ‘विमा’ हा बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, त्यामुळे आगीत घर जळाल्यास त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

परवडत नाही, हा आक्षेप चुकीच्या हिशोबावर उभा आहे. ऐंशी लाख ही बाजारभावाची किंमत आहे, आणि तिच्यातील मोठा वाटा जमिनीचा व मोक्याच्या जागेचा असतो. तो ना जळतो, ना वाहून जातो. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक करण्यात आले, आणि तिच्यात इमारतीची विमारक्कम ठरते ती कार्पेट एरियाला, म्हणजे घराच्या आतील वापराच्या क्षेत्रफळाला, बांधकामाच्या चालू दराने गुणून. 650 चौरस फुटांच्या घराला चौरस फुटामागे 2,500 रुपयांचा दर धरल्यास ती सव्वासोळा लाख होते. इमारतीसोबत सामानाचेही संरक्षण घेतल्यास या रकमेच्या 20 टक्के, म्हणजे सव्वातीन लाखांपर्यंतचे सामान, यादी न देताच त्यात येते. त्याची कमाल मर्यादा 10 लाख आहे. हप्ता आकारला जातो तो या रकमांवर. ऐंशी लाखांचा आकडा टाकून दर मागवणारा मनुष्य आपणहून महाग विमा शोधत असतो.

‘सगळ्या पॉलिसी सारख्याच’ हे विधान मात्र सर्वांत घातक आहे. या प्रमाणित पॉलिसीत आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल आणि पाण्याची टाकी वा नळ फुटणे हे सर्व आहे. चोरी मात्र तिच्यात धरली जाते ती केवळ अशा एखाद्या आपत्तीमुळे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली. दिवाळीत गावी गेल्यावर कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि दागिन्यांचे संरक्षणही ऐच्छिक आहे. दोन कंपन्यांच्या हप्त्यांत फरक दिसला, तर आधी पॉलिसीतील घरफोडी व दागिन्यांच्या संरक्षणाच्या या दोन ओळी ताडून पाहाव्यात.

दावा नाकारला जातो, हेही अर्धसत्य आहे. भिंतीला वर्षानुवर्षे येणारी ओल किंवा झिजलेले प्लास्टर ही विम्याची बाब नाही, आणि नाराजीचे पुष्कळ प्रसंग इथूनच उद्भवतात. आपत्तीनंतर साफसफाई उरकण्याआधी छायाचित्रे काढावीत, कंपनीला लगेच कळवावे आणि नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेले सामान फेकू नये. एवढे करूनही दावा अन्यायाने फेटाळला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद न लागल्यास विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जावे; लोकपालांची कार्यालये मुंबई व पुण्यातही आहेत, आणि या तक्रारीसाठी शुल्क लागत नाही.